हिंदुस्थानी गळा घेऊन रेनेसाँस चर्चसंगीताच्या निवासी शिबिराला जाताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणाऱ्या एका गायिकेला इंग्लंडमधल्या आठवडाभराच्या निवासी कॉयर (समूहगायन) शिबिरात जागा मिळाली आहे. हिंदुस्थानी गायनात विशारद, सा काळी चार (जी शार्प), स्टाफ नोटेशन सावकाश वाचता येतं, हौशी कॉयरमध्ये तीन वर्षं अल्टो (बायकांचा खालचा आवाज). शिबिराची यादी अशी: स्पॅनिश संगीतकार व्हिक्तोरियाचं ‘ओ मान्युम मिस्तेरियुम’, त्याच्याच १५८५ च्या संग्रहातल्या पवित्र आठवड्याच्या (ईस्टरआधीच्या) काही रिस्पॉन्सरीज (वाचनांनंतर गायची उत्तरगीतं), इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डचं ‘आवे व्हेरुम कॉर्पुस’ आणि चार आवाजांचा मास (कॅथलिक उपासनेचं संगीत), शिवाय रोज रात्री कॉम्प्लिन (झोपण्याआधीची प्रार्थना). तयारी कशी करायची, कोणता आवाज निवडायचा आणि ख्रिश्चन नसल्याने काही अडतं का, असं विचारलं आहे.

अशी शिबिरं सूर शिकवण्यासाठी नसतात. पहिल्याच संध्याकाळी सगळे मिळून यादीतली निम्मी गाणी सलग गाऊन बघतात. ज्याला आपली ओळ येत नाही तो त्या क्षणापासून आठवडाभर मागे पडतो. चांगला कंडक्टर ज्यावर वेळ घालवतो ते वेगळंच असतं: सूर कशावर टेकवायचे, शब्दाचं वजन कुठे, शेजारच्या आवाजाखाली आपला कसा ठेवायचा. त्यामुळे आठ ते दहा आठवडे आधी हात घाला. रोज पाऊण तास पुरतो, पण रोज.

आवाजाचं आधी बघू. चार आवाज म्हणजे वरून खाली सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बेस. चार आवाजांच्या या संगीतात अल्टोची ओळ साधारण मधल्या सी-खालच्या जी पासून वरच्या ए पर्यंत फिरते. काळी चारच्या भाषेत, मध्य षड्जाच्या जरा खालून तार षड्जाच्या जरा वरपर्यंत, म्हणजे जवळपास तुमचं मध्य सप्तक. सोप्रानोला मात्र तार सा ते तार पंचम या पट्ट्यात सतत, हलक्या आवाजात राहावं लागतं आणि अधूनमधून तार निषादापर्यंत जावं लागतं. खुल्या गळ्याने शिकलेल्या बहुतेक बायकांना ते दोन दिवसांत थकवतं. अल्टोच घ्या. (पुरुषांसाठी: सा काळी एक किंवा दोन असेल तर टेनर सोयीचा. बेसला मंद्र पंचमाच्याही खाली भरीव आवाज लागतो, तो सहसा नसतो. टेनर सगळीकडेच कमी असतात, त्यांना जागाही लवकर मिळते.)

अल्टोतही एक अडचण आहे. त्या काळी ही ओळ उंच पुरुषी आवाज गात, म्हणून ती अधूनमधून खूप खाली जाते. खाली गेल्यावर छातीचा आवाज लावून ढकलायचा मोह होतो आणि मग तीस जणांत एकच आवाज वेगळा ऐकू येतो. उपाय असा: तार षड्जावर हलका ‘ऊ’ धरा आणि तोच पोत न बदलता, एकही सांधा ऐकू न येता मध्य षड्जापर्यंत उतरा. मग ‘ओ’, मग ‘आ’. रोज दहा मिनिटं. पहिल्या पंधरवड्यात गंधार-ऋषभाशी आवाज फाटेल, तिथे जोर लावू नका, आवाज बारीक करा.

आता मुख्य मुद्दा. तुमचं सगळं शिक्षण न हलणाऱ्या षड्जावर झालं आहे. या संगीतात षड्ज हलतो. दर दोन-तीन मात्रांनी खालचा आवाज नवा आधारस्वर देतो आणि तुमचा सूर त्याच्या तुलनेत शुद्ध असावा लागतो. तुम्ही धरलेला एकच सूर आत्ता कुणाचा तरी पंचम असतो, पुढच्या क्षणी दुसऱ्याचा गंधार होतो आणि प्रत्येक वेळी त्याची जागा केसभर सरकते.

आकडे सांगितले तर हे नीट कळेल. एका सेमीटोनचे शंभर सेंट. पेटीचा किंवा पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा, ५:४ चा गंधार ३८६ वर. कोमल गंधार पेटीवर ३००, निसर्गतः ३१६. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा. म्हणजे मेजर कॉर्डचा (एकत्र लागलेले सा-ग-प) गंधार पेटीपेक्षा चौदा सेंट खाली हवा आणि मायनरचा (सा-कोमल ग-प) सोळा सेंट वर. तानपुऱ्यावर तयार झालेल्या गळ्याला हे पियानोवर शिकलेल्यांपेक्षा सोपं जातं, फक्त षड्ज बदलल्याबरोबर ऐकू यायला हवं.

त्यासाठी तानपुऱ्याचं ॲप पुरतं. काळी चारवर लावा, गंधार गा, दोन सुरांच्या घासण्यातून येणाऱ्या लहरी पूर्ण थांबेपर्यंत. मग आवाज मनात धरून ॲप पंचमाच्या पट्टीवर न्या आणि त्याचा गंधार गा. तो तुमच्या मूळ षड्जाचा निषाद आहे. मग मध्यमाच्या पट्टीवर न्या, त्याचा गंधार म्हणजे मूळ धैवत. तिन्ही ठिकाणी तोच गोडवा यायला हवा. निषादाकडे विशेष लक्ष द्या. रागात शुद्ध निषाद तार षड्जाला चिकटवून चढा घ्यायची सवय असते. इथे समाप्तीच्या आधीच्या कॉर्डमध्ये तोच निषाद पंचमाचा गंधार असतो, त्यामुळे खाली बसावा लागतो. शिबिरात ‘थर्ड (म्हणजे गंधार) चढा आहे’ हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकू येईल, आणि बहुतेक वेळा ते याच जागेबद्दल असेल.

ओळ शिकताना तानपुरा पहिले चार-पाच दिवसच ठेवा. पुढे तो खोटा आधार देतो, कारण खालचे कॉर्ड हललेले असतात आणि षड्ज तिथेच वाजत राहतो. त्याऐवजी बेसची ओळ स्वतः गाऊन रेकॉर्ड करा (बायकांनी एक सप्तक वर) आणि तिच्यावर आपली गा. एकच ओळ सोबतीला घ्यायची असेल तर नेहमी बेसची घ्या.

आणखी एक प्रकार कळला तर कॉयर का उतरतो ते समजेल. षड्जाचा मेजर, धैवताचा मायनर, ऋषभाचा मायनर, पंचमाचा मेजर आणि परत षड्ज, असा फेरा या संगीतात फार वेळा येतो. प्रत्येक कॉर्ड मागच्यातला सामायिक सूर धरून अगदी शुद्ध लावला, तर धैवतावरून मिळणारा ऋषभ १०:९ चा येतो, ९:८ चा नाही. त्याच्यावर बसवलेला पंचम तेवढाच खाली आणि शेवटी षड्जही. एका फेऱ्यात ८१:८०, साधारण साडेएकवीस सेंट. चार फेऱ्यांत ८६ सेंट, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर, आणि कुणीही चुकलेलं नसताना! भरताच्या ग्रामव्यवस्थेत त्रिश्रुती-चतुःश्रुती स्वर आणि मध्यमग्रामाचा एका श्रुतीने उतरलेला पंचम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केला असेल. आजचे बरेच अभ्यासक प्रमाणश्रुतीचं मोजमाप हेच ८१:८० धरतात. तो तिथला उतरलेला पंचम इथे प्रत्यक्ष ऐकायला मिळतो. उपाय बेसच्या हातात असतो: त्यांनी ऋषभ धैवतावरून न काढता आठवणीतल्या पंचमावरून काढायचा. वरच्या आवाजांनी तेवढा वेळ धैवत किंचित चढा घेऊन जुळवून घ्यायचं.

सूर उतरण्याची बाकीची कारणं साधी आहेत. एकाच सुरावर पाच-सहा अक्षरं आली की पाचवं अक्षर पहिल्यापेक्षा खाली जातं, म्हणून प्रत्येक अक्षर नव्याने उचलायचं. उतरताना पायऱ्या लहान ठेवायच्या, चढताना मोठ्या. आणि ‘आ’ काळवंडला की सूरही बसतो.

मींड, कण, आंदोलन बंद. हे सांगणं सोपं, करणं अवघड, कारण कण लागला हे गाणाऱ्याला कळतच नाही. ‘ओ मान्युम’ची सुरुवात बघा. सोप्रानो पंचमावरून सरळ खाली षड्जावर येते, परत पंचम, मग कोमल धैवताला टेकून पुन्हा पंचम. षड्ज पांढरी पाचवर धरा. प–सा ही उडी आहे, घसरण नाही. हिंदुस्थानी गळा तिथे हमखास बारीक मींड घेतो आणि कोमल धैवत आपसूक डोलायला लागतो. अल्टो हाच आकार मागून खालच्या जागी घेते, म्हणजे तुमची मींड सोप्रानोच्या स्वच्छ उडीनंतर लगेच ऐकू येणार. फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐका, प्रत्येक सुराच्या आधीचं शेपूट स्पष्ट दिसेल. ते काढायचा रस्ता: उडीच्या आधी सूर मनात पूर्ण ऐकायचा, मधे अगदी बारीक खंड ठेवून गायचं, आणि आठवड्याने खंड काढायचा. आवाजातला कंपही कमी लागतो. सरळ आवाज म्हणजे कडक आवाज नव्हे, श्वास वाहता हवा.

सरगम मात्र सोडू नका, ती तुमचं मोठं भांडवल आहे. तिकडचे मोड तुम्हाला थाटांच्या रूपात आधीच येतात: डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन भैरवी, मिक्सोलिडियन खमाज, लिडियन कल्याण, आयोनियन बिलावल. फक्त रागाचे नियम सोबत आणू नका, ते थाटच आहेत. छापील पानात काही चिन्हं सुरांच्या डोक्यावर लहान अक्षरात दिसतील. ती संपादकाने सुचवलेली असतात, मूळ छापात नसतात. त्या काळचे गायक समाप्तीला कोमल निषाद आपण होऊन शुद्ध करत, खमाजात आरोहात करतो तसा, आणि एक टप्पा वर जाऊन लगेच परतायचं असेल तर वरचा सूर कोमल घेत. ही चिन्हं कुठे पाळायची ते कंडक्टर सांगतो, तोवर पेन्सिलीने गोल करून ठेवा. इंग्लिश संगीतात यातून मुद्दाम टक्कर होते: ‘आवे व्हेरुम’ सुरू होताच एका आवाजातला शुद्ध निषाद कानात असतानाच दुसऱ्या आवाजात कोमल निषाद येतो. ते छपाईची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका.

तालाकडे वळू. सम नाही. बारची, म्हणजे मात्रांचे गट पाडणारी, उभी रेघ आधुनिक संपादकाने सोयीसाठी घातली आहे. मूळ पुस्तकांत ती नव्हती. पहिल्या मात्रेवर वजन टाकायची सवय असलेल्यांना इथे सगळ्यांत जास्त टोकलं जातं. वजन शब्द ठरवतो: दोमिने मध्ये ‘दो’ वर, मिसेरेरे मध्ये ‘रे’च्या पहिल्या जागी, पेक्काता मध्ये ‘का’ वर. चार आवाजांत ही वजनं वेगवेगळ्या क्षणी पडतात आणि त्यातूनच कापड विणलं जातं. प्रत्येक ओळीत वजनाची अक्षरं पेन्सिलीने अधोरेखित करा आणि सूर न लावता, हाताने सावकाश खाली-वर ठोका देत, लयीत नुसते शब्द म्हणा. तो खाली-वर हात म्हणजे तेव्हाचा टॅक्टस. बऱ्याच संपादित प्रतींत एका हालचालीला एक मिनिम (हाफ नोट) येतो. ‘ओ मान्युम’ मध्ये शेवटचा आलेलुया तीनात सुरू होऊन परत दोनात येतो. दोन्हीकडचं प्रमाण कंडक्टरगणिक बदलतं, म्हणून घरी एकच चाल घट्ट पाठ करू नका.

इंग्लंडमध्ये सुरांच्या लांबीची नावं अमेरिकन नसतात. तुमचा होल नोट तिथे सेमिब्रीव्ह, हाफ मिनिम, क्वार्टर क्रॉचेट, एट्थ क्वेव्हर. पहिल्या तासाला ‘तिसऱ्या मिनिमवर सोडा’ असं ऐकून गोंधळायला नको.

श्वास चोरून घ्यायचा असतो, पण कुठे हे ठरलेलं असतं. शेजारणीबरोबर एकाच वेळी कधीच नाही, आणि वाक्याच्या शेवटी सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो म्हणून तिथेही शक्यतो नाही. लांब सुराच्या मध्यात गप्प व्हायचं, श्वास घ्यायचा, त्याच स्वरावर, कोणताही व्यंजनाचा ठोका न देता, हळूच परत मिसळायचं. शेजारणीशी बोलून पानावर खुणा करून घ्या.

लॅटिनच्या उच्चारात मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. आपले ए, ओ, ई सरळ असतात. इंग्रजांना ‘ए’चा ‘एई’ न होऊ देण्यासाठी आठवडाभर घासावं लागतं. आपले क, त, प महाप्राण होत नाहीत, त्यामुळे मोठ्या चर्चमध्ये ते फुटत नाहीत. पण ‘त’ दंत्यच ठेवा, इंग्रजी शब्दासारखा ‘ट’ नको. नेहमीची इटालियन पद्धत अशी: ई-ए आधी सी चा तालव्य च (पाचेम, ‘चिंच’मधला पहिला, ‘चमचा’तला नाही), जी चा तालव्य ज (रेजिना), जीएन चा न्य (आन्युस देई), एससी चा श (सुशिपे), स्वराआधी टीआय चा त्सि (ग्रात्सिआ), एच मुका, अपवाद मिकि आणि निकिल. एक्शेल्सिस मध्ये क्श. आपल्या दोन खोडी लपत नाहीत. एक, एफ चा ‘फ’ ओठ मिटून काढणं. वरचे दात खालच्या ओठावर हवेत. दोन, शेवटच्या अक्षरातला ‘आ’ आखूड होऊन ‘अ’ होणं, आणि ‘उम’, ‘एम’ मध्ये म लवकर मिटणं. ओठ सुराच्या अगदी शेवटी मिटायचे. काही कंडक्टर बर्डसाठी जुना इंग्लिश किंवा इतर संगीतासाठी जर्मन, स्पॅनिश उच्चार घेतात, ते तिथे सांगतील.

आता कामाच्या गोष्टी एकेका रचनेबद्दल. व्हिक्तोरियाच्या संग्रहात अठरा रिस्पॉन्सरीज आहेत आणि त्यांच्यात सूर चुकण्यापेक्षा रस्ता चुकणं जास्त होतं. आधी रिस्पॉन्स, मग कमी आवाजांतलं कडवं, मग रिस्पॉन्सच्या उत्तरार्धापासून पुन्हा. ‘तेनेब्रे फाक्ते सुन्त’ मध्ये ‘एक्स्क्लामान्स येसुस’ हे कडवं संपलं की ‘एत इंक्लिनातो कापिते’वर परतायचं. दर तिसऱ्या रिस्पॉन्सरीत त्यापुढे पूर्ण रिस्पॉन्स पुन्हा येतो. परतायच्या जागेवर रंगीत चिकटपट्टी लावा. शिबिरात प्रत्येक वर्षी कुणीतरी आत्मविश्वासाने चुकीच्या पानावर गातं, आणि ते शक्यतो पहिल्या रांगेतलं असतं.

बर्डचा मास वेगळ्या कारणाने अवघड आहे. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक मास छापणं धोक्याचं होतं. १५९२–९५ च्या सुमारास त्याचे तिन्ही मास मुखपृष्ठाशिवाय छापले गेले आणि खाजगी घरांत मोजक्या माणसांनी गायले. म्हणून हे संगीत एका आवाजाला एक माणूस असं उत्तम चालतं आणि शिबिरात दुपारच्या लहान गटांत तेच देतात. मासचा शेवटचा भाग, आन्युस देई, दोन आवाजांत सुरू होतो, मग तीन, मग चार. शेवटच्या ‘दोना नोबिस पाचेम’ मध्ये एकामागून एक सस्पेन्शन येतात: एक आवाज आपला सूर धरून थांबतो, दुसरा त्याच्याखाली सरकतो, दोघांत खटका उडतो आणि धरलेला सूर एक पायरी उतरून सुटतो. धरणाऱ्याने खटक्याच्या क्षणी आवाज किंचित वाढवायचा, सुटताना कमी करायचा. नवखे नेमकं उलटं करतात, खटका ऐकून घाबरून बारीक होतात आणि सगळी वेदनाच निघून जाते. आपल्या ओळीतल्या अशा जागांना आधीच खूण करा. कुठे तुम्ही धरणारे, कुठे सरकणारे, हे माहीत असलं की निम्मं काम झालं.

खूप वेळ गप्प राहून आत यायचं असतं, त्याची तयारी वेगळी. नुसते बार मोजू नका. ज्या आवाजाच्या शेवटच्या सुरावरून तुमचा पहिला सूर मिळतो, तो सूर आपल्या ओळीवर लहानसा लिहा: ‘टेनरचा शेवटचा, तोच’ किंवा ‘बेसच्या वर पंचम’. प्रत्येक प्रवेशासाठी अशी खूण असेल तर पेटीची गरज पडत नाही. एखादा प्रवेश हुकला तर अंदाजाने घुसू नका. पुढच्या वाक्याला या.

प्रती कुठून घ्यायच्या? सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळांवर हे सगळं विनामूल्य आहे, पण इथेच सर्वांत महागडी चूक होते. एकाच रचनेच्या पाच प्रती पाच पट्ट्यांत आणि दोन वेगवेगळ्या लांबीच्या सुरांत असतात. आयोजकांनी पाठवलेलीच प्रत वापरा. अजून आली नसेल तर संपादकाचं नाव आणि पट्टी विचारून घ्या. बारचे आकडे आधीच छापलेले नसतील तर स्वतः टाका. संगणकावरचे सरावाचे ट्रॅक प्रवेश आणि लयीपुरते बरे, सुरांसाठी नाहीत, ते पेटीसारखे समान भागांत लावलेले असतात. आणि तिथे कंडक्टर ऐनवेळी सगळं अर्ध्या सुराने खाली नेऊ शकतो, कारण त्या काळी लिहिलेल्या पट्टीला ठाम अर्थच नव्हता. पट्टी बदलून गायची सवय तुम्हाला आहेच. ज्यांना प्रत्येक स्वराचं नाव कानात ऐकू येतं त्यांचे मात्र तेव्हा हाल होतात.

दिवस साधारण असा जातो: नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटं आवाज मोकळा करणं, दीड तास सगळे एकत्र, चहा, मग एकेका आवाजाची वेगळी तालीम. दुपारी जेवणानंतर मोकळा वेळ, मग लहान गट किंवा एखादं व्याख्यान, चहा, परत सगळे एकत्र. रात्री कॉम्प्लिन. बेरीज केली तर पाच-सहा तास गाणं. तुमच्या रियाजाची सवय असली तरी हे वेगळं आहे, कारण सतत दुसऱ्याच्या मापाने गायचं असतं. सकाळच्या तालमीत उंच जागा अर्ध्या आवाजात घ्या, कुजबुजून नाही. कुजबुज गळ्याला जास्त ओढते. तिसऱ्या दिवशी जवळपास सगळ्यांचे आवाज बसतात, चौथ्याला येतात. गाण्याने गळे जात नाहीत, रात्री पबमधल्या गप्पांनी जातात.

लहान गटात कंडक्टर नसतो. अर्धवर्तुळात उभे रहा, सुरुवात कोण देणार हे आधी ठरवा आणि तिने श्वास त्याच लयीत घ्यायचा. शेवटचा कॉर्ड जुळेना की क्रम लावा: आधी बेसचा सूर आणि त्याचं सप्तक, मग पंचम, सगळ्यांत शेवटी गंधार, आणि तो बारीक. दोन्ही बाजूच्या माणसांचा आवाज ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठ्याने गाताय.

एखाद्या दुपारी मूळ छापाच्या प्रतिकृतीवरून गायला लावतात. चारही आवाज एकाखाली एक नसतात, प्रत्येकाची ओळ वेगळी, बार नाहीत. सी-क्लेफ कोणत्याही रेघेवर असेल, ती रेघ म्हणजे सी. तिथून सरगम लावली की झालं, इतरांपेक्षा तुम्ही लवकर रुळाल. दोन सूर चिकटलेले दिसले आणि डावीकडून वर दांडी असेल तर ते दोन सेमिब्रीव्ह. ओळीच्या टोकाला छोटी खूण असते, ती पुढच्या ओळीचा पहिला सूर दाखवते. हरवलात तर पुन्हा पहिल्यापासून, दुसरा उपाय नाही. त्या काळीही हेच करत असावेत.

कॉम्प्लिनमध्ये प्लेनचांट (सगळे मिळून एकच ओळ गायचं जुनं चर्चगान) असतो: चार रेघांची पट्टी, चौकोनी सूर, ताल नाही. सहसा स्तोत्रं ४, ९० आणि १३३ (लॅटिन क्रमांकाने), ‘ते लूचिस आन्ते तेर्मिनुम’, ‘नुंक दिमित्तिस’ आणि ऋतूप्रमाणे मेरीचं एक गीत. स्तोत्राच्या ओळीत मधे तारा असतो, तिथे सगळे थांबतात, आणि तो थांबा नवख्यांना फारच लांब वाटतो. समोरासमोरच्या दोन बाजू आळीपाळीने गातात. दुसऱ्या बाजूचा शेवटचा सूर विरायच्या आधी सुरू करू नका. जुन्या दगडी चर्चमध्ये आवाज पाच-सहा सेकंद घुमत राहतो, त्यामुळे शेवटच्या मैफलीत लयही सरावापेक्षा संथ होईल. व्यंजनं लवकर आणि स्पष्ट, स्वर शांत.

हे सगळं आपल्याकडून फार दूरचं वाटत असेल तर गोव्यात लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) दिवसांत एखाद्या चर्चमध्ये जाऊन ऐका. तिथले लॅटिन मोतेत (भक्तिगीतं) बरेच नंतरचे आहेत आणि व्हायोलिनसह गातात, पोतही वेगळा. पण नोटेशन वाचून एकत्र गाण्याची परंपरा तिथल्या चर्चच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि चर्चचा मेस्त (कॉयरचा मास्तर) गायकांना ज्या पद्धतीने सांभाळतो ते शिकण्यासारखं आहे. सरावाला सोबती हवा असेल तर पुणे-मुंबईतल्या गोवन आणि वसईकर गायकांत शोधा, वाचन पक्कं असलेले भेटतात.

धर्माचं म्हणाल तर अडचण नाही. अशा शिबिरांत कोणत्याही धर्माचे आणि कोणताही धर्म न मानणारे लोक असतात. प्रार्थनासभेत गायलात म्हणून कम्युनियन (पवित्र भाकरी-द्राक्षरस) घ्यावं लागत नाही. आपल्या जागी बसून राहा किंवा हात छातीवर घडी घालून पुढे जा, पाद्री आशीर्वाद देतात. उभं राहायचं-बसायचं ते शेजारी बघून. सभेत टाळ्या नाहीत, मैफलीत चालतात. शब्दांचा अर्थ मात्र आधी वाचून जा, अक्षरशः प्रत्येक शब्दाचा. ‘याचेंतेम इन प्रेसेपिओ’ म्हणजे गव्हाणीत निजलेला, हे माहीत नसेल तर त्या जागेवर आवाज का मऊ करायचा ते कुणी समजावू शकत नाही.

सामानात काळा फोल्डर, २बी पेन्सिली (पेनने लिहिलेलं कुणाला आवडत नाही), खोडरबर, पाण्याची बाटली, ४४० चा ट्यूनिंग फोर्क, मऊ तळाचे बूट, मैफलीसाठी काळे कपडे आणि जुलै असला तरी जाड स्वेटर. दगडी इमारती आतून गार असतात. अत्तर नको, रांगेत दाटीने उभं राहावं लागतं. व्हिसासाठी शिबिराचं पत्र, राहण्याचा पुरावा आणि तारखा सोबत ठेवा. ब्रिटनच्या पाहुण्या व्हिसावर तीस दिवसांपर्यंतचा हौसेचा अभ्यासक्रम करता येतो, पण अर्ज करण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर नियम पुन्हा बघा. शाकाहारी असल्यास आयोजकांना महिनाभर आधी कळवा, आणि अंडं चालतं की नाही हे वेगळं सांगा.